दोघांत मिळून एक पासवर्ड

आमच्या लॅपटॉपला लावलेलं कुलूप इतकं उत्तम होतं, की मालक आम्ही असूनही ते आम्हाला आत घेत नव्हतं.

मुक्ता आणि अर्णव, ही हकीकत तुम्ही आजोबांकडून फोनवर ऐकलेली आहे. ती विसरा. त्यांच्या हकीकतीत मी दुष्ट आहे आणि ते बिचारे आहेत. (माझ्या हकीकतीतही शेवटी साधारण तसंच निघणार आहे, पण निदान घटना क्रमाने येतील.)

मागच्या थंडीत आम्ही पुण्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे राहायला निघालो. आता, घर बंद करणं हे माझ्यासाठी नुसतं काम नसतं, तो विधी असतो. आधी शेगडीचं बटण बंद, मग सिलिंडरचं. पाण्याचा कॉक बंद. कपाटाला कुलूप, कपाटाची किल्ली डब्यात, डबा दुसऱ्या कपाटात, आणि त्यालाही कुलूप. आजोबा दरवेळी म्हणतात, "अगं, एवढं सगळं उघडता उघडता चोर कंटाळून जाईल."

तोच तर उद्देश आहे!

सगळं झालं आणि टेबलावर लॅपटॉप उरला. तुमच्या बाबांनी मला वाढदिवसाला दिलेला. प्रवासात न्यायचा नव्हता, आणि उघडा टाकून जाणं माझ्या स्वभावात नाही.

"याला पासवर्ड आहे की," आजोबा म्हणाले. ते मफलर गुंडाळून, बॅग पायाशी घेऊन तयार बसले होते.

"तो विंडोजचा. तो कुणीही काढतो. खरं कुलूप त्याच्याही आधी असतं, यंत्राच्या अगदी मुळात. पुस्तिकेत दिलंय."

लॅपटॉपसोबत आलेली इंग्रजी पुस्तिका मागच्या पानापर्यंत वाचणारी अख्ख्या झाशीत बहुधा मी एकटीच असेन. इंग्रजीत एम.ए. करून आयुष्यभर मुलींना ते शिकवल्याचा हा तोटा आहे. छापलेलं दिसलं की मी वाचते, आणि वाचलं की पाळते. यंत्र चालू होता होता एक कळ दाबून धरली की एक निळा पडदा येतो. विंडोज वगैरे सगळं त्याच्यानंतर. तिथे तीन कुलपांची सोय होती. एक सबंध यंत्राचं, एक वापरणाऱ्याचं, आणि एक आतल्या डिस्कचं. तिन्हीपुढे इंग्रजीत छापलं होतं: 'शिफारस केलेले'. एवढ्या आदबीने कुणी शिफारस केल्यावर नाही म्हणणं मला जमत नाही. मी तिन्ही लावायचं ठरवलं, शब्द मात्र एकच, म्हणजे तो एकदा टाकला की तिन्ही उघडतात.

राहता राहिला शब्द. आणि इथे मला ती कल्पना सुचली.

"अहो, बँकेच्या लॉकरसारखं करू या. एक किल्ली त्यांची, एक आपली. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. तसा अर्धा पासवर्ड माझा, अर्धा तुमचा. एकमेकांना सांगायचा नाही."

"का सांगायचा नाही?"

"सांगितला तर मग अर्धा कशाला करायचा?"

आजोबा कारखान्यात इंजिनीयर होते. प्रत्येक गोष्ट कुठे मोडेल हे ते आधी बघतात. जरा विचार करून म्हणाले, "आणि आपल्यापैकी एक जण गेला, तर?"

"तर उरलेल्याला लॅपटॉप घेऊन करायचंय काय?" मी म्हणाले. (खाली रिक्षा उभी होती. गाडीची वेळ झाली की माणूस काहीही बोलतो.)

मग आजोबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मी माझा अर्धा टाकला. मग मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी त्यांचा अर्धा टाकून एंटर दाबायचं ठरलं होतं. मागून कटकट कटकट आवाज आला. "झालं," ते म्हणाले. पण यंत्र खात्रीसाठी तोच शब्द पुन्हा एकदा मागतं. पुन्हा ते भिंतीकडे, पुन्हा मी भिंतीकडे. शिवाय कुलपं तीन! आम्ही दोघं त्या टेबलाभोवती मंगळागौर असल्यासारखे फिरत होतो, आणि खाली रिक्षावाला हॉर्न वाजवून ताल देत होता.

पुण्यात उन्हाळा लागेपर्यंत राहिलो, दिवस फार छान गेले. घराची काळजी म्हणून एकदाही वाटली नाही.

परत आलो आणि मुक्ता, तुझी बातमी आली. मुलगी! आजोबांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. मग तुझा फोन आला.

"आजी, रविवारी बारसं. तुम्ही सगळे व्हिडिओवर. आणि पणजीचा पाळणा लावायचा हं. वो तो चाहिए ही चाहिए!"

"लावणार की," मी म्हणाले. "तो काय, लॅपटॉपमध्येच आहे."

तुझ्या सासरच्या लोकांना समजावं म्हणून सांगते. हा पाळणा कुठल्याही पुस्तकात नाही. माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो त्यांच्या सासूकडून घेतला. घरात बाळ आलं की त्यात एक कडवं वाढायचं. तुमच्या बाबांचं एक आहे, मुक्ताचं आहे, अर्णवचं आहे. माई थकल्या तेव्हा एका दुपारी मी त्यांच्याकडून सबंध पाळणा म्हणवून माझ्या जुन्या फोनवर रेकॉर्ड करून घेतला. शेवटी त्यांनी एक नवं कडवं घातलं.

"हे कुणाचं?" मी विचारलं होतं.

"जे मी बघणार नाही, त्या बाळाचं," त्या म्हणाल्या.

माई गेल्या. पाळणा मी लॅपटॉपमध्ये उतरवून घेतला आणि पुढे तो फोनही गेला. ते शेवटचं कडवं ज्याचं होतं, ते बाळ आता आलं होतं. आणि मी स्वतः म्हणू शकेन अशी शंका कुणाला असेल तर सांगते, मी गायला लागले की रडणारी मुलं गप्प होतात, पण ती भीतीने.

तर मी लॅपटॉप उघडला. काळा पडदा, मधोमध एक चौकट: 'एंटर पासवर्ड'. मी माझा अर्धा सफाईने टाकला आणि हाक मारली, "अहो, या! तुमचा अर्धा टाका."

आजोबा आले. खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा काढला.

"काय झालं?"

"विसरलो."

"विसरलो म्हणजे?"

"म्हणजे आठवत नाही. पण थांब," त्यांनी बोट वर केलं, "एक आठवतंय. मला ठाऊक होतं मी विसरणार. म्हणून विसरू नये यासाठी मी एक युक्ती केली होती. फार उत्तम युक्ती होती."

"कुठली?"

"ती विसरलो."

आम्ही अंदाजाने टाकून बघायला सुरुवात केली. आधी माझा अर्धा, मग त्यांचा कारखान्यातला टोकन नंबर. नाही. स्कूटरचा नंबर. नाही. माईंचं नाव. नाही. आणि तीनदा चुकलं की ते यंत्र कर्कश शिट्टी मारून सगळं बंद करून टाकायचं. पुन्हा चालू करा, पुन्हा माझा अर्धा टाका, पुन्हा शिट्टी! माझा अर्धा मला पक्का पाठ होता, हे मी आजोबांना चहाबरोबर, जेवताना आणि जेवणानंतर सांगत असे.

दोन दिवस अशा शिट्ट्या ऐकल्यावर मी शास्त्रीय उपाय योजला. शिकवताना माझा अनुभव होता, की वर्गात विसरलेली ओळ मुलीला तिच्या जागेवर नेऊन बसवलं की आठवते. म्हणून मी तो सबंध प्रसंग पुन्हा उभा केला. बॅग भरून आजोबांच्या पायाशी ठेवली. त्यांना तोच स्वेटर आणि तोच मफलर घालायला लावला. (एप्रिल होता. झाशीचा एप्रिल!) त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि रिक्षा नसल्यामुळे मी स्वतः हॉर्न वाजवला.

"पों, पों! आठवतंय?"

"घाम येतोय," भिंतीकडून उत्तर आलं.

"घामाचं विचारलं नाही. पों, पों!"

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या श्रीवास्तव भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आंटीजी, दो दिन से आपका कुकर सीटी मार रहा है, दाल अभी तक गली नहीं क्या..." आणि त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. "हाय राम! अंकलजी को सज़ा दी है?"

मी सगळं समजावून सांगितलं. भाभींनी ऐकून घेतलं, आजोबांना पाणी आणून दिलं आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "प्यार से पूछिए, आंटीजी. डाँट पड़े तो हमारे इनको अपना नाम भी याद नहीं रहता."

मी प्रेमाने विचारलं. रात्री शिरा केला, तूप सोडलं, आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले, "अहो, काय होता हो तुमचा अर्धा?"

आजोबांनी शिरा खाल्ला. "वेलची छान पडलीय," म्हणाले.

मग उरली दतिया गेटची लॅपटॉप दुरुस्तीची दुकानं. लॅपटॉप शालीत गुंडाळून मी मांडीवर घेतला आणि आम्ही ई-रिक्षाने निघालो. शेजारच्या बाईने जागा करून देत विचारलं, "पोती है कि पोता?"

दुकानदार बुंदेली बोलणारा, हसतमुख गृहस्थ होता. त्याने यंत्र चालू केलं, चौकट बघितली आणि म्हणाला, "अरे अम्माजी, चिंता नईं! विंडोज नई डाल देत हैं. सब साफ हो जैहै, एकदम नओ!"

मी लॅपटॉप त्याच्या हातातून ओढून घेतला. "साफ नहीं करना है, भैया! अंदर मेरी सास हैं!"

तो दोन पावलं मागे सरला. आजोबांनी खुलासा केला. मग त्याने सुचवलं, की आतली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडून बघू. काढली, जोडली. त्या यंत्राने आदबीने पासवर्ड मागितला.

"जा पे भी तारो है?" डिस्कलाही कुलूप बघून तो चकित झाला. "जे तारे लगाए कौन ने?"

"मैंने."

"तीनों?"

"तीनों. शिफारस की गई थी."

कुणाची, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. त्याने डिस्क परत बसवली आणि हात जोडले. कंपनीवाले आतली पाटी, म्हणजे मदरबोर्ड, बदलून यंत्र चालू करून देतील, पण डिस्कचं कुलूप त्यांनाही उघडणार नाही. ती कोरी करूनच वापरावी लागेल. पासवर्ड आठवला तर पाळणा आहे, नाहीतर नाही.

परतताना ई-रिक्षात लॅपटॉप आजोबांनी मांडीवर घेतला. घराच्या वळणावर म्हणाले, "मुक्ताला सांग, माझ्यामुळे गेला म्हणून."

"काही सांगायला नको."

"माईचं शेवटचं कडवं गं," ते म्हणाले. "आणि मला साधा अर्धा शब्द ठेवता आला नाही."

मुलांनो, तुमचे आजोबा कारखान्यातले नकाशे न बघता सांगायचे. अलीकडे चष्मा कपाळावर असतो आणि घरभर शोधाशोध चालते, त्यावर आम्ही दोघंही हसतो. त्या दिवशी ते हसत नव्हते. त्यानंतर मी ना टोकन नंबर काढला, ना माझ्या पाठांतराचं कौतुक केलं. मफलर घडी करून ट्रंकेत ठेवून दिला.

रविवार आला. तिकडे मुक्ताची सकाळ, इकडे आमची दिवेलागण, आणि मेलबर्नला अर्णव मध्यरात्र होत आली तरी पांघरुणातून नुसतं नाक बाहेर काढून बसलेला. बेंगळुरूहून तुमचे आईबाबा. फोन मी चहाच्या डब्याला टेकवून उभा केला. शेजारी तो लॅपटॉप होता. तो तिथे कशाला ठेवला, मला विचारू नका. आजारी माणसालाही आपण लग्नाच्या मांडवात आणून बसवतोच.

तुम्हाला अजून काही सांगितलं नव्हतं. मुक्ता, तुझ्याकडचा पाळणा सजवलेला दिसत होता, बाळ झबलं घालून झोपलेलं. "आजी, दस मिनट!" तू म्हणालीस आणि आत गेलीस. मी वळून बघते तर आजोबा खोलीत नाहीत. ते गच्चीच्या जिन्यात बसले होते.

"चला. सगळे आलेत."

"मी येत नाही. मला विचारतील."

"विचारू देत. मी सांगेन."

"काय सांगशील? म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही म्हणून? जा, तू एकटी बस. मी नसलो तरी काही अडत नाही कुणाचं."

आता हे ऐकल्यावर मला राग आला. आमच्या सबंध संसारात इतका राग मला मोजक्या वेळा आला असेल. मी त्यांचा हात धरून त्यांना टेबलापाशी आणलं, लॅपटॉप उघडला, आणि ती चौकट समोर आली.

"अडत नाही? अडत नाही म्हणता? बघा! दाखवते तुम्हाला!" मी माझा अर्धा खाडखाड टाकला. "हा माझा अर्धा. मला पाठ आहे, चोख आहे. आणि तुम्ही नसलात तर याचा उपयोग काय? शून्य! हे बघा, तुमच्याशिवाय काय होतं ते बघा!"

आणि मी सगळा जोर लावून एंटर दाबला.

लॅपटॉप उघडला.

आम्ही दोघंही बघत राहिलो. फोनमधून अर्णवचा आवाज आला, "आजी, किस पे चिल्ला रही हो?" मग आजोबांचा चेहरा असा उजळला, जसा तुमच्या बाबांच्या जन्माच्या वेळी उजळला होता.

"आठवलं!" ते ओरडले. "युक्ती आठवली! मी काहीच टाकलं नव्हतं!"

"काय?"

"अगं, मला ठाऊक होतं, जे टाकेन ते विसरेन. म्हणून काहीच टाकलं नाही. नुसता एंटर. म्हणजे विसरायला काही नकोच! होती की नाही उत्तम?"

"आणि तो आवाज? ती कटकट?"

"टेबलावर नखं वाजवली," आजोबा जरा लाजून म्हणाले. "तू एवढं मनावर घेऊन केलं होतंस. तुला वाईट वाटू नये म्हणून."

म्हणजे बघा, सबंध पासवर्ड पहिल्या दिवसापासून माझ्या बोटांत होता! मी फक्त माझा अर्धा टाकून एंटर दाबलं असतं, तर शिट्टी नाही, शिरा नाही, दतिया गेट नाही. पण नियम होता दोघांचा, आणि नियम मीच केलेला. त्यामुळे रोज मी बरोबर शब्द टाकत होते आणि त्यापुढे त्यांचं काहीतरी जोडून तो आग्रहाने चुकीचा करून घेत होते.

यावर बोलायला वेळ नव्हता. विंडोजचा पासवर्ड टाकला (तो मला येतो, हसू नका) आणि पाळणा सापडला. तू बाळाला पाळण्यात ठेवलंस, कानात नाव सांगितलंस, आणि मी माईंना सुरू केलं.

आवाज थकलेला होता, पण सूर जागेवर. बाबांचं कडवं झालं, मुक्ताचं झालं. अर्णव, तुझं लागलं तेव्हा तू पांघरूण डोक्यावरून घेतलंस ते आम्हाला दिसलं. मग थोडं थांबून माई म्हणाल्या:

अजून नाही आलं, अजून नाही नाव,
त्याही बाळाला द्या पाळण्यात ठाव.
दाखवा त्याला किल्ल्यावरचं ऊन,
सांगा, माई गेली गाणं ठेवून.

मुक्ता, तुझा हात दोरीवर होता आणि दोरी हलायची थांबली. तुमचे बाबा कॅमेऱ्याबाहेर गेले. बाळ तेवढं जागं होऊन आवाजाच्या दिशेने शांतपणे बघत होतं. आजोबांनी टेबलाखाली माझा हात धरला, आणि माझा दुसरा हात पदरात गुंतला होता.

तिथेच घोटाळा झाला. एरवी मी ते कडवं संपताक्षणी कळ दाबून बंद करते, कारण त्यापुढचं कुणी ऐकावं अशी माझी इच्छा नसते. पण हात रिकामाच नव्हता. पाळणा संपला, जरा खसखस झाली, आणि तीन देशांत पसरलेल्या आपल्या सगळ्या खानदानाने माईंचा खणखणीत आवाज ऐकला:

"झालं गं म्हणून. आता तरी त्या दाराची कडी काढ! गायला बसवल्यापासून कोंडून ठेवलंय मला. अगं, माझा आवाज काय कुणी चोरून नेणार आहे?"

सगळ्यात मोठ्याने आजोबा हसले. मी घाईघाईने कळ दाबली. ती चुकीची निघाली. माई पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू झाल्या, आणि या वेळी सगळे पाळणा कधी संपतो याची वाट बघत बसले.